पांढऱ्या डागांचे उंदीर

पावसाळ्यात जुन्या इमारतीतल्या दाराची बेल ओल धरते, बटण आत जातं आणि तिथंच बसतं. दारात कुणी नाही, घरात बेल वाजतेच आहे. पहिल्यांदा आपण उठून दार उघडतो. दुसऱ्यांदा शेजारच्या पोरांवर ओरडतो. तिसऱ्यांदा कळतं की वाजवणारा कुणी नाहीच, बटणच बसलंय. अशा वेळी नखानं बटण बाहेर ओढता येतं किंवा स्टुलावर चढून बेलची वायर सोडवता येते. रात्री दोन वाजता डोकं उठलं असेल तर माणूस जिन्याखाली जाऊन मेन स्विचच खाली पाडतो. बेल थांबते, पंखा, फ्रीज आणि टाकीचा पंपही थांबतो.

कॅन्सरवरची केमोथेरपी बरीचशी या मेन स्विचच्या जातीची. जी पेशी विभागते आहे तिला गाठायचं, मग ती गाठीतली असो, केसाच्या मुळातली असो की तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तराची. काही कॅन्सरमध्ये हा व्यवहार परवडतो, काहींत तर आजार मुळापासून जातो. पण स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, सांध्यांची अस्तरं, मज्जातंतूंची वेष्टनं यांतून उठणाऱ्या गाठींशी, म्हणजे सॉफ्ट टिश्यू सार्कोमांशी, केमोचं एकंदरीत फारसं जमलेलं नाही. प्रौढांच्या शंभर कॅन्सरमागे जेमतेम एखादा या कुळातला असतो. आणि त्या एकाच्याही सत्तरहून अधिक पोटजाती. एवढ्या विखुरलेल्या आजारासाठी औषध शोधायला कोण बसणार, आणि चाचणीला रुग्ण तरी कुठून गोळा करणार?

यातल्या एकाच गाठीची गोष्ट मी इथं सविस्तर सांगणार आहे, कारण बेलची नेमकी वायर शोधून सोडवणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. गाठीचं नाव गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. डॉक्टर मंडळी ‘जिस्ट’ म्हणतात, आपणही म्हणू. ती बहुतेक वेळा जठराच्या नाहीतर लहान आतड्याच्या भिंतीत होते. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १० ते १५ जणांना. तिची गोष्ट मात्र पोटात सुरू होत नाही. ती उंदराच्या केसांत सुरू होते.

हौसेनं उंदीर पाळणाऱ्यांना पांढऱ्या डागांचे उंदीर फार पूर्वीपासून ठाऊक होते. पोटावर पांढरा पट्टा, कपाळावर ठिपका, शेपटीचं टोक पांढरं. जनुकशास्त्रज्ञांनी या गुणाला ‘डब्ल्यू’ हे अक्षर दिलं, व्हाइटमधलं. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला डब्ल्यू आला की पिल्लू पांढरंफटक निघायचं. शिवाय त्याच्या अंगात रक्त कमी असायचं आणि मोठं झालं तरी त्याला पिल्लं होत नसत. कातडीचा रंग, रक्त आणि वंश यांचा एकमेकांशी काय संबंध, हे कोडं कितीतरी वर्षं तसंच पडून होतं. १९७८ साली ओसाकाच्या युकिहिको कितामुरांनी त्यात आणखी एक भर घातली: या उंदरांच्या शरीरात ॲलर्जीच्या वेळी खाज सुटवणाऱ्या मास्ट पेशीही जवळजवळ नसतात.

उकल आली ती मांजरामुळे. १९८६ साली मांजराला सार्कोमा करणाऱ्या एका विषाणूत एक जनुक सापडलं, त्याला ‘किट’ नाव मिळालं. दोन वर्षांत सिद्ध झालं की उंदराचा डब्ल्यू आणि हा किट एकच. रंगपेशी, रक्ताच्या मूळपेशी, अंडी आणि शुक्राणू बनवणाऱ्या पेशी, मास्ट पेशी या सगळ्यांना ‘जग, वाढ, पुढे सरक’ हा निरोप एकाच दारातून मिळतो. दार बिघडलं की सगळ्यांचाच निरोप चुकतो. माणसांतही हे दिसतं. जन्मापासून कपाळावर केसांची एक पांढरी बट असणारी कुटुंबं असतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या किटमध्ये बिघाड असतो, हे १९९१ मध्ये कळलं.

हे दार उघडतं कसं, ते जरा जवळून पाहायला हवं. किट हा पेशीच्या आवरणात आरपार बसलेला रिसेप्टर आहे. बाहेरचा भाग निरोप पकडतो, आतला भाग यंत्र आहे. बाहेरून ‘स्टेम सेल फॅक्टर’ नावाचं प्रथिन येतं. ते जोडीनं येतं आणि शेजारच्या दोन किटना एकमेकांजवळ ओढतं. जवळ आलेले दोघं एकमेकांच्या आतल्या भागावर फॉस्फेटचे तुकडे चिकटवतात. हे तुकडे ते एटीपीतून घेतात, म्हणजे पेशी ज्यावर चालते त्या इंधनातून. एटीपी बसण्यासाठी प्रत्येक किटमध्ये एक खोबण असते. ही खोबण लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. फॉस्फेट चिकटले की आतली प्रथिनं त्यांवर येऊन बसतात आणि पुढच्यांना जागं करतात. एक मार्ग रॅस, रॅफ, मेक, अर्क असा केंद्रकाकडे जातो आणि विभाजनाचा हुकूम देतो. दुसरा पीआय-३-किनेज, एकेटी, एमटॉर असा जातो. त्याचं म्हणणं, खा, वाढ आणि मरू नकोस. विद्यार्थ्यांना ही नावं घोकताना ऐकलं की मला लोकलची स्टेशनं आठवतात, वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले. स्टेशनं पाठ असणं कठीण नाही. कुठं रूळ उखडला तर गाडी खरोखर थांबेल, आणि कुठं उखडला तर लोक निमूटपणे हार्बरनं जातील, हे कळणं कठीण.

निरोप नसताना हे यंत्र बंद असतं, कारण आवरणाला लागून आतल्या बाजूला किटचाच एक छोटा तुकडा हँडब्रेकसारखा अडकवलेला असतो.

आता पोटाकडे येऊ. स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल मेंदूच्या पेशींच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, १९०६ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. त्यानं आतड्याच्या भिंतीतही काही फांद्याफांद्यांच्या पेशी रंगवून काढल्या होत्या. त्या मज्जापेशी असाव्यात असा त्याचा समज होता. त्या मज्जापेशी नव्हेत, आतड्याच्या ताल धरणाऱ्या पेशी आहेत. जठरात मिनिटाला सुमारे तीन आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला बाराच्या आसपास विजेच्या संथ लाटा उठतात, त्या या काहाल पेशी उठवतात. १९९२ साली जपानमध्ये नवजात उंदरांना किट अडवणारी प्रतिद्रव्यं टोचली, तेव्हा त्यांचं आतडं हलेनासं झालं. म्हणजे काहाल पेशीही त्याच दारातून निरोप घेतात. पांढऱ्या डागांच्या उंदरांच्या पोटात ताल चुकलेला असतो, हे तोवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं. पाहण्यासारखं होतं ते त्यांचं कातडं!

ओसाकाच्याच सेइइची हिरोता यांनी पुढचा प्रश्न विचारला: या पेशींना कॅन्सर झाला तर तो कसा दिसेल? जठराच्या भिंतीतल्या अशा गाठी तोवर स्नायूंच्या गाठी म्हणून खपत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लांबोळक्या पेशी ओळीनं, झाडलेल्या खराट्यासारख्या एका दिशेनं पडलेल्या दिसत, म्हणून तसं वाटे. हिरोता आणि कितामुरा यांच्या गटानं अशा गाठींतलं किट जनुक अक्षर-अक्षर वाचलं. पाच गाठींत बिघाड सापडला, आणि तोही एकाच टापूत: हँडब्रेकच्या तुकड्यात. ब्रेक मोडलेला किट बाहेरून निरोप आला नाही तरी वाजतच होता. हा निबंध जानेवारी १९९८ च्या ‘सायन्स’मध्ये आला. दारात कुणी नाही आणि बटण बसलंय, हे कळायला असा वळसा पडला.

त्या निबंधानं निदानाचं कामही सोपं केलं. मुंबईत मोठ्या इस्पितळात दुसरं मत घ्यायला गेलेल्या कुठल्याही कुटुंबाला एक वाक्य हमखास ऐकू येतं: ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेली, कडेला पेन्सिलनं नंबर. आत गाठीचा तुकडा असतो, फिकट, नखाएवढा. त्यातून केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतात. नेहमीच्या रंगात ती काच गुलाबी-जांभळी दिसते आणि जिस्ट कोणती, स्नायूची गाठ कोणती हे जाणत्यालाही पटकन सांगता येत नाही. दुसऱ्या कापावर किट पकडणारं प्रतिद्रव्य घालतात. रिपोर्टमध्ये त्याचं नाव ‘सीडी ११७’ असं असतं. जिथं किट आहे तिथं तपकिरी रंग धरतो. जिस्टची काच बहुधा सगळीच्या सगळी तपकिरी होते, चहा सांडून वाळलेल्या कागदासारखी. आणि एखाद-दुसरी मास्ट पेशी, जी कुणाच्याही आतड्यात असतेच, तीही त्याच तपकिरी रंगात बाजूला उभी दिसते. कितामुरांना तिचीच माहिती होती, त्यातून हे सगळं निघालं.

इकडे स्वित्झर्लंडमध्ये, या सगळ्याचा पत्ता नसताना, एक गोळी तयार होत होती. सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि सहकारी किनेजच्या, म्हणजे किटसारख्या फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रथिनांच्या, खोबणीत चपखल बसून एटीपीला आत येऊ न देणारे रेणू शोधत होते. त्यातला एक रेणू अमेरिकेत पोर्टलंडच्या ब्रायन ड्रुकर यांनी रक्ताच्या एका कॅन्सरवर, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर, वापरला. त्या आजारात ‘एबीएल’ नावाचं किनेज बेभान झालेलं असतं. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला दिलेली ही गोळी, इमॅटिनिब, पुढे जगभर गाजली. प्रयोगशाळेत तपासताना दिसलं होतं की ती एबीएलबरोबर आणखी दोन किनेजही अडवते. एक पीडीजीएफ रिसेप्टर. दुसरं किट.

मार्च २००० मध्ये हेलसिंकीत हेइक्की योएन्सू यांच्याकडे पन्नाशीची एक बाई उपचार घेत होती. जठरातली जिस्ट काढून झाली होती, ती परत आली होती, यकृतात पसरली होती. केमो, थॅलिडोमाइड, इंटरफेरॉन, सगळं करून झालं होतं. तिला रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब सुरू केलं. साखरेची खादाड गाठ जिथं जिथं असेल तिथं पेट स्कॅनवर दिवे लागल्यासारखं दिसतं. तिचं यकृत अशा दिव्यांनी भरलेलं होतं. महिन्याभरानं पुन्हा स्कॅन केला तेव्हा गाठींच्या जागी एकही दिवा नव्हता. एका रुग्णाची ही नोंद एप्रिल २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका रुग्णावरून काही ठरवू नये हे वैद्यकातलं जुनं शहाणपण आहे आणि ते बरोबरच आहे, पण केमोला शंभरात पाच-दहाही दाद न देणाऱ्या आजारात असा स्कॅन पाहिल्यावर गप्प बसणं अवघड होतं. बोस्टनमध्ये जॉर्ज डेमेट्री यांनी जुलै २००० मध्ये मोठी चाचणी सुरूही केली होती. १४७ रुग्णांपैकी ५४ टक्क्यांच्या गाठी ठळकपणे आकसल्या, आणखी २८ टक्क्यांच्या वाढायच्या थांबल्या. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं जिस्टसाठी गोळीला मान्यता दिली. पसरलेल्या जिस्टच्या रुग्णाला पूर्वी साधारण दीड वर्ष मिळे. इमॅटिनिबनंतर ते पाच वर्षांच्या घरात गेलं.

इथं एक गंमत झाली, डॉक्टरांनाही पचायला वेळ लागला अशी. काही रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ लहान व्हायच्या ऐवजी किंचित मोठीच दिसायची. जुन्या हिशेबानं औषध फसलं. पण रुग्ण चांगला जेवत होता, दुखणं थांबलं होतं, पेट स्कॅन विझलेला. आत पेशी मरून गाठीचा पाणीदार गोळा झाला होता. आकार तोच, आत दम नाही. टेक्सासमधल्या हेसन चोई यांनी मग नवी मोजपट्टी सुचवली: आकाराबरोबर सीटीवरची घनताही मोजा, ती १५ टक्क्यांनी उतरली तरी औषध लागू पडतंय असं धरा. यंत्र तेच, काय पाहायचं ते बदललं.

हेलसिंकीच्या स्कॅननंतर साहजिकच सगळ्यांना वाटलं की प्रत्येक सार्कोमात असं एखादं अडकलेलं बटण सापडेल. काहींत सापडलंही. त्वचेखाली सावकाश पसरणाऱ्या डर्मॅटोफायब्रोसार्कोमात दोन गुणसूत्रांचे तुकडे चुकीचे जोडले जातात आणि पेशी स्वतःच ढिगांनी निरोप तयार करून स्वतःचंच दार वाजवत बसते. ते दार म्हणजे पीडीजीएफ रिसेप्टर, म्हणून तिथंही तीच गोळी चालते. २००६ मध्ये तशी मान्यता मिळाली. गुडघ्यात होणारी एक त्रासदायक गाठ, टेनोसिनोव्हियल जायंट सेल ट्यूमर, तर आणखी विचित्र. तिच्यात बिघडलेल्या पेशी थोड्याच असतात. त्या ‘सीएसएफ-१’ हा निरोप ओतत राहतात आणि त्याच्या ओढीनं निरोगी मॅक्रोफेज पेशींचे थवे सांध्यात येऊन बसतात. जत्रा भरवणारे चार, आलेले चारशे. तिथं औषध बोलावणाऱ्यांना हात लावत नाही, येणाऱ्यांचे कान बंद करतं. अशा पहिल्या औषधाला, पेक्सिडार्टिनिबला, २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

पीकोमा ही फारच दुर्मिळ गाठ. तिच्यात बऱ्याचदा एमटॉरला लगाम घालणारं जनुक हरवलेलं असतं, आणि एमटॉरवरचं औषध ज्या रेणूपासून आलं त्याचा प्रवास सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ मध्ये निघालेल्या कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेनं पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावरून माती आणली. तिच्यातल्या जिवाणूतून मॉन्ट्रियलच्या एअर्स्ट प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी एक रेणू वेगळा केला आणि बेटाच्या स्थानिक नावावरून, रापा नुईवरून, त्याला रॅपामायसिन म्हटलं. पुढे कंपनीनं प्रयोगशाळाच बंद केली, तेव्हा सेहगल यांनी ते जिवाणू घरी नेऊन खाण्याच्या पदार्थांच्या फ्रीझरमध्ये ठेवले, बाटलीवर ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी लावून. याच रेणूच्या एका नव्या रूपाला नोव्हेंबर २०२१ मध्ये पीकोमासाठी मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली तिच्यात जमेस धरलेले रुग्ण अवघे ३१ होते. दुर्मिळ आजारात याहून मोठा आकडा आणणार कुठून?

पण आकडे लहान असले की फसगतही होते. ओलॅरॅट्युमॅब हे पीडीजीएफ रिसेप्टर अडवणारं प्रतिद्रव्य. नेहमीच्या केमोबरोबर ते १३३ रुग्णांच्या चाचणीत दिलं. नुसत्या केमोवाल्यांचं सरासरी आयुष्य १४.७ महिने, औषधवाल्यांचं २६.५ महिने. सार्कोमाच्या दुनियेत चाळीस वर्षांत असं काही घडलं नव्हतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एफडीएनं घाईची मान्यता देऊन टाकली, मोठी चाचणी नंतर करायच्या अटीवर. ती ५०९ रुग्णांवर झाली. निकाल २०१९ मध्ये आला: औषधवाल्यांचं २०.४ महिने, नुसत्या केमोवाल्यांचं १९.७ महिने. फरक नाहीच. औषध बाजारातून मागे घेतलं गेलं.

का फसलं? छोट्या चाचणीत नशिबाचा भाग असतोच. मला मात्र त्याहून मोठी चूक वाटते ती आधीची. चाचणीत सगळ्या जातींचे सार्कोमा एका टोपलीत घातले होते. त्या गाठींच्या पेशींवर पीडीजीएफ रिसेप्टर दिसत होता, एवढ्यावरून तीच त्यांची वायर असं धरलं गेलं. दार दिसणं वेगळं आणि घर त्या एकाच दारावर चालत असणं वेगळं. जिस्टच्या पेशीला किटचं अक्षरशः व्यसन लागलेलं असतं. बाकीचे सगळे रस्ते तिनं वापराविना गंजू दिलेले असतात. बहुतेक सार्कोमांच्या पेशी तशा नसतात. त्यांची वेस्टर्न बंद पाडली की त्या हार्बरनं जातात.

व्यसन म्हटलं की ते सुटतही नाही, हेही आलं. इमॅटिनिब गाठीला झोपवतं, बहुतेकदा मारून संपवत नाही. फ्रान्समध्ये एका चाचणीत आजार काबूत असलेल्या काही रुग्णांची गोळी वर्षभरानंतर मुद्दाम थांबवली; बहुतेकांचा आजार काही महिन्यांत पुन्हा डोकं वर काढू लागला. म्हणून गोळी रोज, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, वर्षानुवर्षं. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या, रात्री पोटऱ्यांत गोळे. शस्त्रक्रियेनं पूर्ण निघालेल्या पण परतण्याचा धोका मोठा असलेल्या जिस्टनंतरही तीन वर्षं गोळी द्यावी, हे योएन्सू यांच्याच चाचणीनं दाखवलं: पाच वर्षांनी हयात असलेले रुग्ण एक वर्षाच्या गटात ८२ टक्के, तीन वर्षांच्या गटात ९२ टक्के.

रोजची गोळी म्हटलं की रोजचा खर्च. ही गोष्ट म्हणूनच दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात पोचली. इमॅटिनिब विकणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची ‘ग्लिव्हेक’ गोळी भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत. नोव्हार्टिसनं १९९८ मध्ये इमॅटिनिब मेसिलेटच्या ‘बीटा’ स्फटिकरूपावर पेटंट मागितलं होतं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं, जुन्याच पदार्थाचं नवं रूप तेवढ्यानं नवा शोध ठरत नाही, त्याचा गुण वाढला असल्याचं दाखवा. चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं २००६ मध्ये अर्ज फेटाळला. पुढच्या लढाईत विरोधात उभ्या राहिलेल्यांत भारतीय औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी निकाल दिला: गुण म्हणजे रोगावरचा गुण, पावडर चांगली वाहते, ओल कमी धरते, हे त्यात येत नाही. कंपनीची बाजूही नोंदवायला हवी, भारतातल्या बहुतेक रुग्णांना आपण गोळी फुकट देतो असं तिचं म्हणणं होतं आणि तशी योजना खरोखर चालू होती. पण धर्मादायात मिळणारी गोळी आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे परवडणारी गोळी यांत मी दुसरी निवडेन.

आता त्या खोबणीकडे परत जाऊ. जिस्ट म्हणून एकच आजार आहे असं मानणंही अर्धवट आहे. साधारण दोन तृतीयांश रुग्णांत बिघाड किट जनुकाच्या ११ व्या एक्झॉनमध्ये, म्हणजे हँडब्रेकचा मजकूर असलेल्या तुकड्यात. त्यांना ४०० मिलिग्रॅम उत्तम पुरतं. नवव्या एक्झॉनमधला बिघाड किटच्या बाहेरच्या भागातला, तिथं पुष्कळदा दुप्पट डोस लागतो. काहींत किट धडधाकट असतो आणि त्याचा चुलत भाऊ पीडीजीएफआर-अल्फा बिघडलेला असतो. त्यातही ‘डी-८४२-व्ही’ हा एकच बदल असेल तर इमॅटिनिब चालतच नाही, कारण त्या बदलानं खोबणीचा आकार कायमचा ‘चालू’ स्थितीत जातो आणि इमॅटिनिब फक्त ‘बंद’ स्थितीतल्या खोबणीत बसतं. त्या एका अक्षराच्या बदलासाठी २०२० मध्ये ॲव्हाप्रिटिनिब हे वेगळं औषध आलं. थोड्या रुग्णांत यातलं काहीच नसतं, पेशीच्या ऊर्जायंत्रातला बिघाड असतो. त्यांना ही गोळी देणं म्हणजे बेल वाजत नसताना बेलची वायर सोडवणं. म्हणून ब्लॉकवरून म्युटेशनची तपासणी आधी, गोळी नंतर.

आणि अकराव्या एक्झॉनवाल्या भाग्यवंतांतही साधारण दोन वर्षांच्या आसपास निम्म्यांची गाठ पुन्हा हलू लागते. लाखो पेशींपैकी एखादीच्या खोबणीत आणखी एक बदल झालेला असतो. एटीपी आत येतं, इमॅटिनिबचा खांदा मात्र अडतो. पेशी तीच, व्यसन तेच, फक्त कुलूप बदललं. कधीकधी एकाच रुग्णाच्या यकृतात एका गाठीनं एक कुलूप लावलेलं असतं, शेजारच्या गाठीनं दुसरंच. मग दुसरी किल्ली काढावी लागते: २००६ चं सुनिटिनिब, २०१३ चं रेगोराफेनिब, २०२० चं रिप्रेटिनिब. पण बहुतेकदा इमॅटिनिबइतका काळ यातली एकही टिकत नाही.

सुनिटिनिबची कॅप्सूल चार आठवडे रोज घ्यायची आणि दोन आठवडे सुट्टी, असा तिचा मूळ क्रम. औषधाचा रंगच पिवळा-नारिंगी, त्यामुळे कातडी किंचित पिवळसर दिसू लागते आणि घरचे कावीळ समजून घाबरतात. ते किटला इमॅटिनिबहून जोरात दाबतं, आणि किटच्या निरोपावर जगणाऱ्या पेशी फक्त गाठीत नसतात. केसाच्या मुळाशी रंग भरणाऱ्या पेशीही त्याच दाराशी कान लावून बसलेल्या असतात, उंदरात आणि आपल्यातही. औषध चालू असताना त्या रंग भरायचं थांबवतात. सुट्टी लागली की पुन्हा भरू लागतात. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. चार-सहा सायकल झालेल्या, काळेभोर लांब केस असलेल्या एखाद्या बाईचा एक केस बोटांत धरून खिडकीशी नेला तर मुळापासून टोकाकडे पट्टे दिसतात: एक सेंटिमीटरहून किंचित कमी पांढरा, अर्ध्याहून किंचित कमी काळा, पुन्हा पांढरा, पुन्हा काळा. तपासणीच्या दिवशी फाइल घरी विसरली असेल तरी कितवी सायकल चालू आहे ते त्या केसावर मोजता येतं.